एकाच रिडिमवर वीस गाणी: मग गायकाच्या हाती काय उरतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शॉन पॉलचं 'गेट बिझी', वेन वंडरचं 'नो लेटिंग गो' आणि लुमिडीचं 'नेव्हर लीव्ह यू' या तिन्ही गाण्यांखाली एकच ठेका ऐकू येतो, तर ही चोरी म्हणायची का? चोरी नसेल, तर जमैकाचा गायक पोट कशावर भरतो? आणि तुम्ही स्वतः डान्सहॉलचे (जमैकातल्या नाचाच्या संगीताचे) ट्रॅक बनवता, तेव्हा जमैकाची राजधानी किंग्स्टनच्या एखाद्या गायकाचा आवाज त्यावर हवा असेल तर सुरुवात कुठून करायची?

चोरी नाही. तिथली सगळी पद्धतच तशी आहे. पण तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: ज्या संगीतावर गायक गातो ते बहुतेक वेळा त्याच्या मालकीचं नसतं, मग त्याच्या मालकीचं नेमकं काय असतं? हे ज्याला वेळेवर कळलं त्याची कारकीर्द टिकली. ज्याला कळलं नाही, त्याचं गाणं जगभर वाजलं आणि तो मागे राहिला. पुढे मी जे हिस्से आणि अटी सांगणार आहे ते रूढ व्यवहाराचे आहेत. गायकाचं वजन किती, निर्माता कोण, गाणं कुठल्या देशातून प्रसिद्ध होणार, यावर आकडे बदलतात.

आधी ठेक्याबद्दल. ती तिन्ही गाणी 'दिवाली' नावाच्या रिडिमवर आहेत. स्टीव्हन 'लेन्की' मार्सडेनने तो बनवला, २००२ मध्ये तो बाजारात आला, आणि नाव आपल्या दिवाळीचंच आहे. आवाज वगळून खाली जे उरतं ते रिडिम: ड्रम, बासची ओळ, एकदोन कॉर्ड आणि ओळख पटवणारी एखादी खूण. 'दिवाली'त ती खूण म्हणजे टाळ्या. निर्माता रिडिम एकदाच तयार करतो आणि दहा-वीस गायकांना देतो. प्रत्येक जण आपले शब्द आणि आपली चाल घेऊन येतो. साउंड सिस्टिमवर, म्हणजे नाचाच्या कार्यक्रमातल्या मोठ्या फिरत्या ध्वनिसंचावर, रेकॉर्ड लावणारा सिलेक्टर ती गाणी एकामागून एक वाजवतो; याला जगलिंग म्हणतात. वेग एक, सूर एक, त्यामुळे एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना नाचणाऱ्याचा पाय अडखळत नाही.

नव्या गायकाला यात मोठा फायदा आहे. एरवी त्याचं गाणं कोणी हातात धरलं नसतं, पण त्याच रिडिमवर एखादा मोठा गायक असेल तर त्याच दहा-पंधरा मिनिटांत त्याचंही वाजतं. लोक दोन्ही ऐकतात आणि तिथल्या तिथे तुलना करतात. म्हणूनच जमैकात नवा मुलगा फुकटसुद्धा आवाज द्यायला तयार होतो. आणि नेमका तिथेच तो कागद करायचा विसरतो.

हे असं का झालं, याचं कारण धंद्याच्या रचनेत आहे. पन्नासच्या दशकात किंग्स्टनमध्ये ड्यूक रीड आणि कॉक्सन डॉड हे साउंड सिस्टिमचे मालक होते. त्यांची कमाई तिकिटावर आणि दारूविक्रीवर. रीडचं तर दारूचं दुकानच होतं. दुसऱ्याकडे नसलेलं गाणं आपल्याकडे असावं म्हणून ते रेकॉर्डिंगमध्ये उतरले. रेकॉर्ड हे त्यांच्या लेखी गर्दी खेचायचं साधन होतं. गायकाला एकदा ठरलेली रक्कम द्यायची, की व्यवहार संपला. डॉडने १९६३ मध्ये ब्रेंटफर्ड रोडवर स्टुडिओ वन सुरू केला आणि वादक पगारावर ठेवले. त्याच स्टुडिओत साउंड डायमेन्शन या वाद्यवृंदाने १९६७ मध्ये 'रिअल रॉक' वाजवलं. त्या बासच्या ओळीवर आजवर शेकडो गाणी झाली, पण वाजवणाऱ्यांच्या हाती त्या दिवसाचा मेहनताना होता. देशात कायदाही तेव्हा ब्रिटिशांचा १९११ चाच चालू होता; जमैकाचा स्वतःचा कॉपीराइट कायदा १९९३ चा. म्हणजे स्का, रॉकस्टेडी, रूट्स रेगे या जमैकन शैली आणि डान्सहॉलचा सुरुवातीचा बहराचा काळ हे सगळं त्याआधी होऊन गेलं.

दुसरं कारण रेकॉर्डच्या मागच्या बाजूचं. साठच्या दशकाच्या शेवटी सात इंची रेकॉर्डच्या मागच्या बाजूला आवाज काढून टाकलेलं नुसतं संगीत येऊ लागलं, ते 'व्हर्जन'. यू-रॉय हा किंग टबीच्या साउंड सिस्टिमवर माइक घेऊन बोलणारा डीजे. १९७० मध्ये त्याने ड्यूक रीडच्या ट्रेझर आइल लेबलच्या जुन्या ट्रॅकवर तालात बोलून गाणी केली आणि ती जमैकाच्या यादीत एकाच वेळी वरच्या तीन जागांवर गेली. (जमैकात डीजे म्हणजे माइकवर बोलणारा कलाकार; रेकॉर्ड लावणारा तो सिलेक्टर. तिकडच्या माणसांशी पत्रव्यवहार करताना हे लक्षात ठेवा, नाहीतर भलत्याच माणसाचा दर विचारला जातो.) आधीच तयार असलेल्या संगीतावर नवा आवाज चढवणं हा स्वतंत्र पेशा तिथून उभा राहिला. निर्मात्याला दुसऱ्या गाण्यासाठी वादकांवर पुन्हा खर्च करावा लागत नाही, हे त्यामागचं साधं गणित.

आता मालकी. कुठल्याही गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे ध्वनिमुद्रण, म्हणजे मास्टर. दुसरी म्हणजे रचना: शब्द, चाल आणि खालचं संगीत. मास्टर बहुतेक वेळा निर्मात्याचा असतो. रचनेत रूढ वाटणी अशी, की अर्धा हिस्सा शब्द आणि चाल करणाऱ्या गायकाचा आणि अर्धा रिडिम बनवणाऱ्याचा. शब्द गायकाने दुसऱ्याकडून लिहून घेतले असतील, तर तो वाटा गायकाच्या अर्ध्यातून जातो. रिडिमची बास एकाने आणि ड्रम दुसऱ्याने केले असतील, तर ते दुसऱ्या अर्ध्यात वाटून घेतात. या हिशोबाने 'दिवाली'वरच्या प्रत्येक गाण्यात रिडिम बनवणाऱ्याचा वाटा आहे आणि प्रत्येक गायकाचा फक्त आपापल्या गाण्यात. दुसऱ्याचं गाणं गाजलं तर पहिल्या गायकाला त्यातलं काही मिळत नाही. निर्मात्याला मात्र दोन्हीकडून मिळतं.

गैरहिशोब कसा होतो, याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण सिस्टर नॅन्सीचं 'बॅम बॅम'. गाणं १९८२ चं, निर्माता विन्स्टन रायली, खालचा रिडिम 'स्टॅलॅग', जो मुळात १९७३ च्या एका वाद्यसंगीताच्या रेकॉर्डमधला. धृपदातली हाक त्याहीआधीची: मेटल्स या गटाने 'बॅम बॅम' नावाच्याच गाण्यावर १९६६ ची स्वातंत्र्योत्सवाची गीतस्पर्धा जिंकली होती. म्हणजे एका गाण्यात किमान तीन काळांचं काम एकत्र आलेलं आहे. नॅन्सी पुढे अमेरिकेत गेली आणि न्यू जर्सीत बँकेत नोकरी करू लागली. इकडे गाणं सिनेमात वाजत होतं आणि मोठमोठे रॅपर त्याचे तुकडे घेत होते. २०१४ मध्ये बुटांच्या एका जाहिरातीत तिने ते ऐकलं आणि वकील केला. त्यानंतर मागच्या दहा वर्षांचे पैसे आणि गाण्यात अर्धा हक्क मिळाला, असं तिने मुलाखतींत सांगितलं आहे. तीस वर्षांहून अधिक काळ वाजलेल्या गाण्याचा हिशोब दहा वर्षांचा झाला. उशिरा दावा करणाऱ्याला जुनी सगळी थकबाकी क्वचितच मिळते, म्हणून नोंदणी पुढे ढकलण्यात नुकसान गायकाचंच असतं. इतकं मोठं गाणं देणाऱ्या बाईला नोकरी करून घर चालवावं लागलं, याचा मला आजही राग येतो.

रिडिम बनवणाऱ्यांचंही असं झालेलं आहे. स्टीली आणि क्लीव्ही या जोडीने १९८९ मध्ये 'फिश मार्केट' हा रिडिम केला. त्याच ठेक्याचा वंश शाबा रँक्सच्या 'डेम बो'मधून रेगेटॉनमध्ये गेला आणि लॅटिन अमेरिकेत त्यावर अख्खा उद्योग उभा राहिला. २०२१ मध्ये क्लीव्ही आणि दिवंगत स्टीलीच्या वारसांच्या बाजूने कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात दावा गेला, प्रतिवादी वाढत शंभराच्या वर पोहोचले आणि २०२४ मध्ये न्यायाधीशांनी दावा सुरुवातीलाच फेटाळायला नकार दिला. ठेक्याच्या कोणत्या भागाला कायदा रचना मानतो, हा वादाचा गाभा आहे. नुसता ड्रमचा साचा कोणाचाच नसतो असं अनेक वकील सांगतात. पण ड्रम, बास आणि खास आवाज यांची विशिष्ट गुंफण एकत्र उचलली, की उचलणाऱ्याची बाजू कमकुवत होते. तुम्ही जुना रिडिम स्वतः पुन्हा वाजवून घेतलात, तर मास्टरचा प्रश्न सुटतो, रचनेचा सुटत नाही. हे अंतर बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

आता कारकीर्द कशी चढते ते पाहू. शॉन पॉलचा 'डटी रॉक' अल्बम २००२ चा. त्यातलं 'गिम्मी द लाइट' 'बझ' रिडिमवर, 'गेट बिझी' 'दिवाली'वर, 'लाइक ग्लू' 'बायआउट'वर. तिन्ही रिडिमचे निर्माते वेगवेगळे. गाणी सुटी सुटी गाजली, मग ती एकत्र बांधून व्हीपी रेकॉर्ड्स आणि अटलांटिक या रेकॉर्ड कंपन्यांच्या भागीदारीतून जगभर गेली, आणि 'गेट बिझी' २००३ मध्ये बिलबोर्ड हॉट १०० वर पहिलं आलं. कॉफी या गायिकेचा मार्ग जास्त छोटा होता. स्पॅनिश टाउनची ही मुलगी. उसेन बोल्टवरचं गिटारवरचं गाणं तिने २०१७ मध्ये इंटरनेटवर टाकलं, त्याच वर्षी एका रिडिमवर 'बर्निंग' केलं, २०१८ च्या जानेवारीत रिबेल सॅल्यूट महोत्सवात ज्येष्ठ गायक कोको टीने तिला आपल्याबरोबर मंचावर घेतलं, आणि २०२० मध्ये 'रॅप्चर'साठी ग्रॅमी मिळाला. रेगे अल्बमचा ग्रॅमी मिळवणारी ती सगळ्यात तरुण आणि पहिलीच एकल स्त्री. फार थोड्या सुट्या गाण्यांतच ती रिडिमच्या रांगेतून बाहेर पडून स्वतःच्या नावाच्या ध्वनिमुद्रणाकडे गेली. माझ्या मते खरा टप्पा हाच आहे. दुसऱ्याच्या रिडिमवर नाव कमवायचं, पण वेळेत स्वतःचा संग्रह सुरू करायचा.

मधल्या काळात घर चालतं मंचावर. जमैकातले साउंड सिस्टिमचे कार्यक्रम, मग माँटेगो बेचा रेगे समफेस्ट, मग युरोपातले उन्हाळी महोत्सव: स्पेनमधला रोटोटॉम सनस्प्लॅश, जर्मनीतला समरजॅम. नुसत्या ट्रॅकवर गायचं तर प्रवास दोघा-तिघांचा. बँड घेतला तर ड्रम, बास, गिटार, दोन कीबोर्ड, कोरसचे दोघे-तिघे आणि ध्वनीचा माणूस मिळून सहज नऊ-दहा जणांची तिकिटं, व्हिसा आणि मुक्काम. मोठे रेगे महोत्सव बँड मागतात, क्लब ट्रॅकवर चालवून घेतात. म्हणून मधल्या फळीतल्या गायकाचं मानधन मोठं दिसलं, तरी घरी नेण्याची रक्कम वेगळी असते. अमेरिकेत परदेशी कलाकाराच्या रकमेतून साधारणपणे ३० टक्के कर आधीच कापला जातो, तो वेगळाच.

व्हिसा हे या पेशातलं सगळ्यात नाजूक दुवा आहे. २०१० मध्ये बीनी मॅन, बाउंटी किलर, मावाडो आणि एडोनिया या डान्सहॉल गायकांचे अमेरिकी व्हिसा रद्द झाले. न्यूयॉर्क आणि मायामीत जमैकन वस्ती मोठी आहे. तिथलं दार बंद झालं, की वर्षाच्या कमाईचा मोठा भाग जातो, गाणी कितीही वाजोत. डान्सहॉल गायक व्हाइब्ज कार्टेलची गाणी तो तुरुंगात असतानाही निघत राहिली आणि गाजली, पण मंचाची कमाई शून्य होती. २०२४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने (जमैकाचं सर्वोच्च अपील न्यायालय) त्याची शिक्षा रद्द ठरवली, त्याच वर्षी जुलैत तो सुटला आणि ३१ डिसेंबरला किंग्स्टनच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये गायला. शब्दांचाही असाच परिणाम होतो. समलिंगी लोकांविरुद्धच्या हिंसक ओळींमुळे अनेक डान्सहॉल गायकांचे युरोप-अमेरिकेतले कार्यक्रम वर्षानुवर्षं रद्द झाले. बुजू बँटनने तसं आपलं जुनं गाणं २०१९ मध्ये स्वतः मागे घेतलं. एका रिडिमवर एका संध्याकाळी गायलेली चार कडवी पंचवीस वर्षं अंगावर राहू शकतात.

इथवरचं सार असं: रिडिम गायकाला ऐकणारे देतो, मंच रोजची कमाई देतो, आणि रचनेतला नोंदलेला हिस्सा उशिरा पण दीर्घकाळ पैसे देतो. तिसऱ्याकडे दुर्लक्ष होतं, कारण त्याचे पैसे पहिल्या दिवशी दिसत नाहीत.

आता तुमचं काम. ट्रॅक डान्सहॉलचा असेल तर वेग मिनिटाला ९० ते १०५ मात्रांच्या आत ठेवा. वन ड्रॉप, म्हणजे रेगेचा संथ ठेका, असेल तर ७० ते ८०. वेग ९६ धरला तर चार मात्रांचा एक बार अडीच सेकंदांचा होतो. सुरुवातीचे ८, धृपद ८, कडवं १६, धृपद ८, कडवं १६, धृपद ८ आणि शेवटचे ८ असे ७२ बार म्हणजे बरोबर तीन मिनिटं. गायकाला ही बांधणी लिहून द्या. आवाज घेतल्यावर वेग बदलू नका. ताणलेल्या आवाजात श्वास आणि व्यंजनं चिकट ऐकू येतात, आणि तालात बोलणाऱ्या डीजेच्या आवाजात हा दोष लगेच कळतो. मधल्या पट्टीत, साधारण १ ते ४ किलोहर्ट्झमध्ये, गर्दी करू नका, ती जागा आवाजाची आहे. जो ट्रॅक एकटा ऐकताना थोडा रिकामा वाटतो, तोच आवाज चढल्यावर बसतो. नवे लोक इथेच चुकतात, सगळी जागा आधीच भरून टाकतात.

पाठवताना चाचणीसाठी साधी एमपी३ द्या, आणि बोलणी ठरल्यावर २४ बिटची डब्ल्यूएव्ही फाइल, मास्टरिंग न केलेली, सर्वोच्च पातळी उणे ६ डेसिबलच्या आसपास. सोबत वेग आणि स्वर लिहा. परत मागायचं ते असं: मुख्य आवाज, दुहेरी आवाज, मधले उद्गार आणि कोरस वेगवेगळ्या फाइलमध्ये, कोणताही इफेक्ट न लावता, प्रत्येक फाइल शून्य सेकंदापासून सुरू होणारी. हे आधी सांगितलं नाही तर रिव्हर्ब (घुमण्याचा परिणाम) लावलेली एकच फाइल येते आणि तिचं पुढे काही करता येत नाही. रेडिओसाठीची स्वच्छ आवृत्तीही त्याच बैठकीत घ्या. जमैकाच्या ब्रॉडकास्टिंग कमिशनने २००९ मध्ये अश्लील आणि बीप घातलेली गाणी हवेवर लावायला मनाई केली होती. तेव्हापासून नंतर कापून जोडलेली आवृत्ती कामाची नाही, शब्दच बदलून गायलेले हवेत.

पैसे अर्धे आधी, अर्धे फाइल तपासल्यावर. देण्याआधी बोलणारा माणूस खरोखर त्या गायकाच्या वतीने बोलतो आहे का, हे गायकाच्या अधिकृत पानावरच्या पत्त्यावर विचारून पक्कं करा. खोटे मॅनेजर खूप आहेत, आणि सगळ्यात जास्त पैसे तिथेच बुडतात.

मग कागद. एक पान पुरतं, पण ते आवाज घेण्याच्या दिवशीच व्हायला हवं. गायकाचं कायदेशीर नाव आणि मंचावरचं नाव दोन्ही. रचनेचे पैसे गोळा करणाऱ्या कोणत्या संस्थेचा तो सभासद आहे (जमैकात जॅकॅप, बरेच जण थेट ब्रिटनच्या पीआरएसचे किंवा अमेरिकी संस्थांचे असतात) आणि त्याचा आयपीआय क्रमांक, म्हणजे रचनाकाराचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक. रचनेतले हिस्से, ज्यांची बेरीज १०० व्हायलाच हवी. मास्टर कोणाचा आणि त्यातून गायकाला किती टक्के. सिनेमा-जाहिरातीसाठी कोणाची संमती लागेल. श्रेयात नाव कसं लिहायचं. तुमचा हिस्सा तुम्ही मुंबईच्या आयपीआरएस या आपल्याकडच्या तशाच संस्थेत नोंदवा, आणि दोन्हीकडच्या नोंदीत टक्के जुळतात ना ते पाहा. एकाने ५० आणि दुसऱ्याने ६० लिहिलं, तर वाद मिटेपर्यंत ते पैसे दोघांनाही मिळत नाहीत. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला स्वतंत्र १२ अक्षरी आयएसआरसी, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाचा ओळख संकेतांक, लागतो. स्वच्छ आवृत्तीलाही वेगळा.

एक शेवटची गोष्ट, कारण आपल्याकडे ती हटकून चुकते. गोव्यात २०१६ पासून गोवा सनस्प्लॅश भरू लागला, आपल्याकडेही साउंड सिस्टिम उभ्या राहिल्या, आणि जमैकन गायकांकडून डबप्लेट घेणं सुरू झालं. डबप्लेटमध्ये गायक आपल्याच गाण्यात तुमच्या साउंडचं नाव घालून गातो. ती फक्त तुमच्या साउंडवर वाजवण्यासाठी असते. तिचे पैसे दिले म्हणजे गाणं स्पॉटिफायवर टाकायची परवानगी मिळाली असं होत नाही. खालचा रिडिम तर बहुधा तिसऱ्याच माणसाचा असतो. तुम्हाला प्रसिद्ध करायचं गाणं हवं असेल तर पहिल्याच संदेशात 'डबप्लेट नको, मूळ गाणं हवं, आमच्या रिडिमवर, हिस्से लिहून' असं स्पष्ट लिहा. दर वेगळा सांगितला जाईल, बहुधा जास्तच, आणि त्यावर घासाघीस चालते.